नव्या कोचसाठी न वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. जुनी म्हटल्यावर लगेच चेहरे पाडू नका. माझ्या अंगाचं कासं अजून खणखणीत आहे. काठाचा एक टवका उडालाय तेवढाच, आणि तो कसा उडाला हे मी कोणाला सांगत नाही. मला वाचता येत नाही. माझ्या अंगावर ओतलेली अक्षरं काय म्हणतात तेही लोकांनी मोठ्याने वाचलं म्हणून मला ठाऊक. पण ऐकण्यात मी कोणाला हार जाणार नाही.

मैदानाच्या उगवतीकडे जो स्टँड आहे, त्याच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली, दोन लोखंडी खांबांच्या मध्ये मला बोल्ट ठोकून टांगलंय. एका बाजूला खाली हिरवं मैदान. दुसऱ्या बाजूला अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे, माझ्या अगदी समोर, गजांची एक खिडकी. मला एवढंच दिसतं. हलायची सोय नाही, मान वळवायची नाही. जे समोर येईल ते बघायचं आणि कोणी दोर ओढला तर बोलायचं, असा माझा जन्म.

जन्म झाला ओतशाळेत. तांबं आणि कथील वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं, थंड होऊ दिलं, मग साचा फोडून मला बाहेर काढलं. कारागिराने बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि शेजारच्याला म्हणाला, "बाई तोंडाळ निघाली." मला ते कौतुकच वाटलं. अजून वाटतं.

मला तारेच्या कारखान्यात नेलं. पाळी सुरू झाली की वाजायचं, पाळी सुटली की वाजायचं. माझ्या एका टोल्यावर शेकडो माणसं जेवणाचे डबे उघडायची आणि दुसऱ्या टोल्यावर तोंडातला घास तसाच गिळून उठायची. असा धाक आज कुठल्या सासूचा आहे सांगा. मग भोंगा आला. गळा काढून रडल्यासारखा त्याचा आवाज, पण साहेबांना आवडला. मला उतरवून तारेच्या वेटोळ्यांमागे टाकून दिलं. कोळ्यांनी माझ्या पोटात संसार थाटले. तक्रार कोणाकडे करायची? मला बोलायला दुसऱ्याचा हात लागतो.

त्या कारखान्यातल्या माणसांची एक फुटबॉल टीम होती. लोक तिला तारवाले म्हणायचे. पुढे टीम मोठी झाली, खेळणं हेच तिच्या पोरांचं काम झालं, कारखाना बंद पडला, मालक बदलले, मैदानात खुर्च्या आल्या, तरी नाव तारवालेच राहिलं. कारखान्यात मला वाजवणारा जो घंटेवाला होता, त्याने मला अडगळीतून ओढून काढलं, चिंच लावून घासलं आणि चौघांच्या खांद्यावरून या स्टँडवर चढवलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक गोलला मी वाजते.

आणखी एक मान आहे माझा. नवा कोच आला की इथल्या पहिल्या सामन्याआधी तो स्टँडखाली येतो, वर बघतो, आणि मी एक टोला देते. सलामीचा टोला. तो पडेपर्यंत कोच पाहुणा. पडला की आपला. मग त्याला शिव्या द्यायलाही स्टँड मोकळा.

माझ्या दोराला घंटेवाल्याच्या घराबाहेरच्या कोणी हात लावायचा नाही, असा नियम पडून गेलाय. घंटेवाला वारला तेव्हा लोक कुजबुजायला लागले की आता दोर कोणाकडे. त्याची बायको सरळ वर आली, बाह्या सारल्या आणि म्हणाली, "दोर आमच्या घरातला आहे. हात कोणाचा ते मी बघते." मित्रांनो, तिलाच सगळा स्टँड माई म्हणतो. समोरच्या गजांच्या खिडकीत ती राहते.

माई वाजवायची तेव्हा माझा आवाज पुलापलीकडे जायचा. आणि तिचं तोंड माझ्यापेक्षा मोठं. लाइनमनने चुकीचं निशाण दाखवलं की ती वरून ओरडायची, "अरे, चष्मा घरी राहिला का? थांब, तुझ्या आईला सांगते आणून द्यायला." सगळ्या स्टँडने ते उचललं. अजूनही इथे येणारे लाइनमन ते ऐकूनच घरी जातात.

माईला दोन मुलगे. थोरला शांत, हाताचा पक्का, पुढे वेल्डर झाला. धाकटा तान्हा असताना सामन्याच्या दिवशी तिने त्याला माझ्याखाली भाजीच्या लाकडी पेटीत झोपवलेला असायचा. मी वाजले की बाकीची पोरं किंचाळायची. हा कूस बदलायचा. मोठा झाल्यावर तो तारवाल्यांकडूनच खेळला, आणि त्याच्या गोलना मी वाजले तेव्हा माईने दोर इतका ओढला की माझे बोल्ट ढिले झाले.

मग त्याचा गुडघा गेला. मालकांनी दुसरा खेळाडू आणला आणि याला कोणी विचारलंसुद्धा नाही. पुलापलीकडच्या टीमने मात्र बोलावलं, आमच्या पोरांना शिकवशील का म्हणून. तो हो म्हणाला.

पुलापलीकडचे म्हणजे आमचे हाडवैरी. तिकडे जाणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला कसं सांगू. धाकटा पिशवी घेऊन जिना उतरला तेव्हा माई खिडकीत उभी होती. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "समोरची घंटा तुझ्यासाठी पुन्हा वाजेल त्या दिवशी हा जिना चढ. तोवर तोंड दाखवू नकोस."

त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि गेला.

वर्षं गेली. तो तिकडे मोठा कोच झाला. आमच्या मैदानात येऊन त्याच्या टीमने आम्हाला धूळ चारली, आणि त्या दिवशी मी मुकी लोंबत राहिले. माईचे पाय गेले, जिना उतरणं बंद झालं, दोर थोरल्याकडे आला. ती खिडकीशी खुर्ची टाकून बसायची आणि माझ्या टोल्यांवरून आमचे गोल मोजायची.

आणि मग ती बातमी आली.

गल्लीत फाटकाजवळ, माझ्या नजरेखालीच, चहाची गाडी लागते. चहावाल्याने फोनवर वाचलं आणि कपात ओतायचा चहा गिऱ्हाइकाच्या बुटावर ओतला. तारवाल्यांचा नवा मुख्य कोच म्हणून मालकांनी धाकट्याला आणलं होतं.

"थट्टा असेल कोणाची तरी," बसचा ड्रायव्हर म्हणाला. तो स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत बसतो आणि सगळ्यांची बाजू घेतो.

"मालकांना थट्टा करता आली असती तर अजून काय हवं होतं," चहावाला म्हणाला.

तेवढ्यात शिंपी आला. स्टँडचे सगळे झेंडे तोच शिवतो, आणि स्टँडमध्ये शेवटचा शब्द त्याचा. त्याने फोन हातात घेतला, फोटो बघितला, फोन परत दिला.

"पुलापलीकडे इतकी वर्षं जेवला," तो म्हणाला, "आता हात धुवायला आमच्याकडे आला."

"पण शिकवतो चांगलं," ड्रायव्हर म्हणाला. "मागच्या वेळी आपल्याला कसं नाचवलं ते बघितलंत ना."

"तेच म्हणतोय मी. ज्याने नाचवलं त्याच्यासाठी आता टाळ्या वाजवायच्या?"

"आधीच्याने तरी काय दिवे लावले? टीम तळाला नेऊन ठेवली आणि पळाला."

"तो परका होता. परक्याचा एवढा राग येत नाही. हा घरातला होता."

भाजीवाली टोपली कमरेवर घेऊन उभी होती. "मी त्याला एवढासा बघितलाय," ती म्हणाली. "माझ्याच पेटीत झोपायचा."

"मग पेटी परत मागा," कोणीतरी म्हणालं. लोक हसले, पण मनापासून नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे वर आले. शिंप्याने शपथ घातली. हा कोच जाईपर्यंत घंटा वाजणार नाही. गोल झाला तरी नाही, जिंकलो तरी नाही. एकेकाने माझ्यावर हात ठेवला. गरम, घामट, तेलकट हात. बरेच हात मला ओळखीचे होते. सगळ्यात शेवटी थोरला राहिला.

"दोर तुमच्या घरातला आहे," शिंपी त्याला म्हणाला. "आम्ही नियम मोडणार नाही. बांधायचं तर तूच बांध."

थोरल्याने माझ्यावर हात ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. गळ्यातला निळा-पिवळा मफलर काढला. तो माईने विणलेला होता. माझ्या पोटात जो लोखंडी लोलक लोंबतो, त्याच्याभोवती त्याने तो गुंडाळला आणि गाठीवर गाठ मारली. वेल्डरच तो. त्याला सुटेल असं काही करायची सवयच नाही. मग शिंप्याने मेण लावलेला दोरा काढला आणि गाठींवरून घट्ट टाके घातले. चामड्याच्या बॅगेला घालतात तसे.

मित्रांनो, तारेच्या वेटोळ्यांमागे पडले होते तेव्हा मी नुसती विसरलेली होते. हे निराळं होतं. आता सगळे माझ्याकडे बघत होते, सगळ्यांना माझी आठवण होती, आणि माझ्या तोंडात लोकरीचा बोळा होता. वारा आला की लोलक हलायचा आणि काठाला लागून "थप्" असा आवाज यायचा. उशीवर थोपटल्यासारखा. मला स्वतःची लाज वाटायची.

पहिला सामना आला. धाकटा रिवाजाप्रमाणे स्टँडखाली येऊन उभा राहिला. केस पिकायला लागले होते. त्याने वर बघितलं. स्टँडने त्याच्याकडे पाठ केली. सगळ्यांनी, एकदम. फक्त थोरला समोर तोंड करून उभा होता, कारण दोर धरणाऱ्याला पाठ करता येत नाही. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. थोरल्याच्या हातात दोर होता आणि हात खाली होता.

धाकट्याने वाट बघितली. बरीच बघितली. मग मान हलवली, जणू कोणी त्याला बरोबर उत्तर दिलंय, आणि जाऊन बाकावर बसला.

पलीकडे खिडकीतून माईने तो खाली राहिलेला हात बघितला. तिने पडदा ओढून घेतला.

त्यानंतरच्या सामन्यांचं काय सांगू. सुरुवातीला स्टँड पाठ करून उभा राहायचा आणि समोर काय चाललंय ते पलीकडच्या स्टँडच्या आवाजावरून ओळखायचा. फुटबॉल पाठीने बघणारी माणसं मी तेवढीच पाहिली. पण धाकट्याने टीमला वळण लावलं होतं. पोरं धावायला लागली, चेंडू पायात राहायला लागला. एकेक मान वळायला लागली.

"काय रे, वळलास?" शिंप्याने ड्रायव्हरला विचारलं.

"मान दुखते. दिवसभर आरशात मागचंच बघतो मी."

"मग खाली बघ."

"खालीच बघतोय. मैदान खालीच आहे ना."

गोल झाला की सगळ्यांचे हात वर जायचे, तोंडं उघडायची आणि नजर माझ्याकडे यायची. मग हात हळूच खाली. बोळा माझ्या तोंडात होता, पण गुदमरत होते ते.

आता गल्लीतलं सांगते. धाकटा रोज सकाळी सरावाला त्या गल्लीतूनच जायचा. लांबचा मोठा रस्ता होता, पण हा इकडूनच. जिन्यापाशी त्याची चाल मंदावायची. वर बघायचा नाही. तो पुढे गेला की पडदा हलायचा.

थोरल्याने माईपाशी विषय काढला. खिडकी उघडी होती आणि त्या घरात हळू बोलायची पद्धत नाही.

"आई, येऊ दे ना त्याला."

"मी कुठे अडवलंय? घंटा वाजव. दार उघडते."

"ती बांधलीय."

"कोणी?"

थोरल्याचा हात आपल्या मोकळ्या गळ्याकडे गेला.

"मफलर ओळखते मी माझा," माई म्हणाली. "थंडीत गळा मोकळा घेऊन फिरतोस तो काय उगीच?"

"मी इथे राहिलो, आई. तो गेला. तुला खुर्चीवरून उचलतो मी, आणि सलामीही मीच द्यायची त्याला?"

माईने भिंतीकडे तोंड केलं. थोरला कामाला निघून गेला.

पुढे थोरल्याची बायको, माईची सून, एकदा खिडकीत कपडे वाळत घालताना शेजारणीला सांगत होती. माईचा उजवा कान कधीच गेला होता. आता डावाही चाललाय. डॉक्टर म्हणाले, राहिलंय तेही फार दिवस टिकायचं नाही. "कुकरची शिट्टी झाली तरी मलाच विचारतात, झाली का म्हणून. आणि कोणी ओरडून बोललं की म्हणतात, बहिरी समजतेस का मला."

मित्रांनो, तेव्हा मला खरं कोंडल्यासारखं झालं. मी वाजल्याशिवाय धाकटा जिना चढणार नाही. तो गेल्याशिवाय मी वाजणार नाही. आणि मी वाजेपर्यंत तिला ऐकूच येईनासं झालं तर? मग मी खुशाल वाजेन, ती म्हणेल अजून वाजली नाही, आणि तो जिन्याखालीच म्हातारा होईल.

थोरल्यालाही ते कळत होतं. एका सकाळी त्याने गल्लीत भावाला गाठलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलत होते.

"तिचे कान चाललेत," थोरला म्हणाला.

धाकटा जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. "मी काम सोडू का, दादा? सोडलं की वाजेल ना ती?"

"तशी वाजली तर तू गेलास म्हणून वाजेल. तुझ्यासाठी नाही. आईला फरक कळतो."

"मग सोड ना तू ती गाठ."

"सगळ्या स्टँडसमोर हात ठेवलाय मी घंटेवर."

"इथल्या कामाला मी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिकडेच बरा होतो मी."

"हो, बरा होतास," थोरला म्हणाला, आणि दोघे दोन बाजूंना गेले.

इकडे स्टँडचंही मन पालटलं होतं. चहाच्या गाडीपाशी आता कोणी धाकट्याला शिव्या देत नव्हतं. भाजीवालीने तर सरळ विचारलं, "बांधून ठेवलीत, आता सोडा की. तुमच्याच पोटात दुखतंय."

"शपथ म्हणजे काय शर्ट आहे?" शिंपी म्हणाला. "अंगाला झाला नाही म्हणून उसवायला?" पण हे म्हणताना तो तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. त्याचं नाक त्यानेच शिवून ठेवलं होतं, आणि आता त्याला श्वास घेता येत नव्हता.

मोसमातला शेवटचा सामना आला. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये राहणार, नाहीतर खाली. स्टँड खचाखच भरलेला. पाठ कोणी केली नव्हती. बरोबरी चालली होती, वेळ संपत आलेली. आमचा पुढचा खेळाडू चेंडू घेऊन कडेने निघाला आणि त्यांच्या माणसाने त्याच्या तोंडावर कोपर मारलं. पोरगा आडवा झाला, नाकातून रक्त. लाइनमन हाताच्या अंतरावर. त्याने निशाण खालीच ठेवलं.

कोचसाठी आखलेली पांढरी रेघ आहे ना, ती धाकट्याने ओलांडली. लाइनमनच्या समोर जाऊन उभा राहिला. मी वरून ऐकलं, साऱ्या स्टँडने ऐकलं.

"अरे, चष्मा घरी राहिला का? थांब, तुझ्या आईला सांगतो आणून द्यायला."

स्टँडमधल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तोच सूर होता, तेच ठासून बोलणं. पुलापलीकडे इतकी वर्षं राहूनही त्याच्या तोंडातलं ते गेलं नव्हतं.

"माईचंच पोरगं," भाजीवाली हळूच म्हणाली.

रेफरीने लाल कार्ड काढलं. धाकटा वळला आणि स्टँडखालच्या बोळातून फाटकाकडे चालू लागला. तेव्हा ड्रायव्हर उठून उभा राहिला.

"गेला तो," ड्रायव्हर म्हणाला. "मैदानातून गेला. बघितलंत ना सगळ्यांनी?"

"असं जाणं वेगळं," शिंपी म्हणाला.

"शपथ घालताना कसं जायचं ते सांगितलं होतं का तुम्ही?"

शिंप्याने सगळ्यांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही, पण सुटका नक्की म्हणेन. तो पायऱ्या चढून माझ्याकडे धावत सुटला. एवढा जाड माणूस. वर आला, खिशात हात घातला, आणि जागच्या जागी थांबला. फाटकावर कात्री आत सोडत नाहीत.

मग तो माझ्याखाली गुडघ्यावर बसला, डोकं माझ्या पोटात घातलं आणि दातांनी टाके तोडायला लागला. शिंप्याचे दात ते, जन्मभर दोरेच तोडलेले. थोरला त्याच्या शेजारी वाकून गाठी सोडवू लागला. पण किती महिने धुकं आणि ऊन खाल्लेली लोकर. दगड झाली होती. नखं लागेनात.

आणि तेवढ्यात खाली गोल झाला. आमचा. सगळं मैदान उसळलं. स्टँड नाचत होता, माणसं रडत होती, आणि माझ्या पोटात दोन डोकी घुसलेली, तोंडात बोळा तसाच. असली कोंडी कोणाच्या वाट्याला येऊ नये. थोरल्याने वरही बघितलं नाही. बोटातून रक्त येईपर्यंत ओढत राहिला. शेवटी मफलर फाटला. अर्धा त्याच्या हातात आला, अर्धा लोलकाला चिकटून राहिला.

त्याने दोर धरला.

"गोलचा मार," शिंपी खालून ओरडला. त्याच्या दाढीत दोरे अडकले होते.

"गोलचा नंतर," थोरला म्हणाला. "आधी त्याचा."

आणि त्याने गल्लीकडे तोंड करून एक टोला दिला. सलामीचा. पहिल्या दिवसापासून अडकून राहिलेला. खरं सांगते, मित्रांनो, आवाज काही पूर्वीसारखा आला नाही. लोकर चिकटलेली होती. घसा बसलेल्या बाईने हाक मारावी तसा आला. पण आला.

खाली गल्लीत धाकटा जिन्यासमोर पोहोचला होता. तो जागीच थांबला. आणि त्याने खिडकीकडे बघितलं.

मीही बघितलं. आता मी जे सांगते ते फक्त मी पाहिलं आहे. माई खुर्चीत बसली होती, मांडीवर शेंगांची परात. मी वाजले तेव्हा तिचा हात थांबला नाही. डोकं हललं नाही. ती शेंगा सोलत राहिली. तिला माझा आवाज पोहोचलाच नाही. मग आतून सून धावत आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी तोंड नेऊन ओरडली.

"वाजली, सासूबाई. घंटा वाजली."

माईने सुनेकडे बघितलं. मग खिडकीतून माझ्याकडे बघितलं. माझा लोलक अजून हलत होता, फाटका मफलर लोंबत होता. थोरला दोर धरून उभा होता, आणि खाली गल्लीत धाकटा, वर बघत.

"मला काय सांगतेस," माई म्हणाली. "ऐकली मी. बहिरी नाही अजून."

मग तिने गजांना धरून तोंड पुढे केलं. "काय रे, खाली उभा राहून जिना मोजतोस का? वर ये. आणि बूट बाहेर काढ."

तो चढला. मला आतला जिना दिसत नाही. मला फक्त खिडकी दिसते. सुनेने माईला आधार देऊन दाराकडे नेलं, रिकाम्या खुर्चीवर परात ठेवलेली दिसली, आणि बराच वेळ तिथे कोणी नव्हतं.

तो सामना आम्ही जिंकलो आणि वरच्याच लीगमध्ये राहिलो. लाल कार्डामुळे पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्यांना धाकट्याला मैदानात येता येणार नव्हतं. ते त्याने त्याच खिडकीतून, माझ्या दोन खांबांमधून मैदानाचा जेवढा तुकडा दिसतो तेवढ्यावर, बघितले. गजांतून हात बाहेर काढून ओरडायचा, डावीकडे जा, डावीकडे. माई त्याला मागून सदऱ्याला धरून ओढायची. "ओरडू नकोस मेल्या, घंटा ऐकू दे मला," म्हणायची. मी वाजले की तो तिच्या हातावर बोट टेकवायचा, एका गोलला एकदा. ती मान हलवायची, जणू तिला आधीच कळलं होतं. कधी कधी मी वाजायच्या आधीच हलवायची. मी काही बोलले नाही. आम्हा म्हाताऱ्यांना एकमेकींचं झाकता येतं.

मी अजून इथेच आहे. तेच खांब, तेच बोल्ट, तीच खिडकी. लोलकाला थोडी लोकर अजून चिकटलेली आहे, ती निघत नाही, आणि माझा खणखणाट पहिल्यासारखा होणार नाही. नवीन मालक म्हणतात स्टँड पाडायचा आहे. तेव्हा मला कुठे टाकतील कोण जाणे.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. रागात कोणाचं तोंड बांधायचंच झालं, घरातल्याचं किंवा माझ्यासारखीचं, तर गाठ आपल्याच बोटांनी सुटेल एवढीच मारा. आणि लवकर सोडा. घंटा थांबते हो. तिला काय, लोंबत राहायचंच असतं. पण जिच्यासाठी ती वाजायची, तिचे कान थांबत नाहीत.